रोल संपवायचा होता

‘रोलमध्ये दोन फोटो उरलेत, संपवून टाका.’ हे वाक्य ज्यांनी घरात ऐकलं आहे, त्यांचं वय आज चाळिशीच्या पुढे असणार असं खुशाल समजावं. मुंज झालेली असे, पाहुणे आपापल्या गावी गेलेले असत, आणि छत्तीसपैकी चौतीस फोटो पोटात घेऊन बसलेला रोल धुवायला देता येत नसे. मग कोणीतरी लसूण सोलत बसलेल्या आजीकडे कॅमेरा वळवी. ती पदर सावरून ‘अरे, माझा कशाला’ म्हणेपर्यंत खटका दाबलेला असे. दुसरा फोटो अंगणातल्या स्कूटरचा. आज तो अल्बम उघडला, की ओळीनं उभे केलेले मुंजीतले पाहुणे आपण भराभर उलटतो आणि लसूण सोलणाऱ्या आजीपाशी थांबतो. घरातल्या रोजच्या जगण्याची जी काही चित्रं आपल्यापाशी आहेत, त्यातली बरीचशी केवळ रोल संपवण्याच्या घाईनं निघालेली आहेत.

ही फोटोची फिल्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मली. शंभरेक वर्षं तिनं राज्य केलं आणि २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ती संपली, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण ती संपली नाही. ज्यांनी तिचा नाद सोडला होता ते परतताहेत, आणि ज्यांनी ती कधी पाहिलीही नव्हती अशी विशी-पंचविशीतली मुलं आजोबांचे कॅमेरे माळ्यावरून खाली काढताहेत. हे का व्हावं, ते समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

छायाचित्रणाची कला मुंबईत फार लवकर आली. १८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला दागेरची पद्धत जाहीर झाली. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५३ साली, आणि मुंबईची त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये. कलकत्ता आणि मद्रास यांना आणखी दोन वर्षं लागली. मुंबईच्या या संस्थेत साहेबांच्या जोडीनं आपली माणसंही होती. ज्यांच्या नावानं भायखळ्याचं संग्रहालय आज ओळखलं जातं ते डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, ही त्यातली ठळक नावं. घराणं मूळचं गोव्यातल्या मांद्र्याचं. दोघंही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. नारायण दाजींनी मुंबईतल्या निरनिराळ्या धंद्यांतल्या आणि समाजांतल्या माणसांची छायाचित्रं काढली. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथंच शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे आपल्याकडे पहिली रेल्वे धावून जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हा मुंबईत फोटोग्राफी वर्गात बसून शिकता येत होती.

पण तेव्हा फोटो काढणं म्हणजे अंगमेहनतीचं काम. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानं काढलेल्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा चिकट लेप द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळण्याच्या आत धुवायची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांत आटपला पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढीही सवड मिळत नसे. त्यामुळे फोटोग्राफर निघाला, की त्याच्यामागून अंधाऱ्या खोलीचा तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी असं बिऱ्हाडच निघे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज १८६० च्या दशकात हिमालयात फोटो काढायला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर तीस-चाळीस हमाल असत. त्याच्या नावाचा कलकत्त्याचा ‘बोर्न अँड शेफर्ड’ स्टुडिओ २०१६ पर्यंत चालू होता, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल.

या बिऱ्हाडातून फोटोग्राफरची सुटका केली ती दोन गोष्टींनी. एक म्हणजे जिलेटिन. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं १८७१ मध्ये सुचवलं, की चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये मिसळून त्याचा लेप काचेवर दिला, तर ती काच वाळल्यावरही चालेल. दुसरी गोष्ट म्हणजे काचेलाच रजा देणं. अमेरिकेत रॉचेस्टर गावी बँकेत हिशेब लिहिणारा जॉर्ज ईस्टमन नावाचा तरुण संध्याकाळी घरी येऊन आईच्या स्वयंपाकघरात कोरड्या प्लेटांचे प्रयोग करीत बसे. १८८८ साली त्यानं ‘कोडॅक’ नावाचा कॅमेरा बाजारात आणला. या शब्दाला कुठल्याही भाषेत काही अर्थ नाही. ईस्टमनला ‘के’ हे अक्षर आवडे, एवढंच. कॅमेऱ्याची किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचा रोल भरलेला. रोल संपला, की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. दहा डॉलरांत फोटो तयार होऊन येत आणि कॅमेरा नवा रोल भरून परत. पुढच्याच वर्षी कागदी रोलाच्या जागी पारदर्शक सेल्युलॉइडची फिल्म आली. १९०० साली ‘ब्राउनी’ हा खोक्यासारखा कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला आणि फोटोग्राफी शाळकरी पोरांच्या हाती गेली.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. सेल्युलॉइडची फिल्म ईस्टमनच्या आधी हॅनिबल गुडविन नावाच्या एका धर्मोपदेशकाला सुचली होती. बायबलमधले प्रसंग मुलांना दाखवायला न फुटणारी चित्रं हवीत, एवढाच त्याचा हेतू. त्यानं १८८७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते मिळालं १८९८ मध्ये, आणि १९०० साली तो वारला. पुढे कोर्टकज्जा होऊन कोडॅकला पन्नास लाख डॉलर मोजावे लागले, ते गुडविनचं पेटंट विकत घेणाऱ्या कंपनीला. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हा प्रकार सगळीकडे सारखाच.

आता या फिल्मच्या पोटात काय असतं ते पाहू, कारण सगळी गंमत तिथंच आहे. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्यात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ. खटका दाबला, की क्षणभर उजेड आत शिरतो आणि ज्या स्फटिकांवर तो पडतो, त्यांच्यात चांदीच्या मोजक्या अणूंचा एक ठिपका तयार होतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, फिल्म होती तशीच दिसते. पण चित्र तिथं आलेलं असतं. डेव्हलपरमध्ये बुडवल्यावर तो ठिपका वाढत जाऊन अख्खा स्फटिक काळ्या चांदीचा होतो. उरलेले क्षार ‘हायपो’ धुऊन काढतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं १८१९ सालीच, फोटोग्राफीच्या वीस वर्षं आधी नोंदवून ठेवला होता. आपण चित्रपटसृष्टीला ‘चंदेरी दुनिया’ म्हणतो तो शब्द पडद्यावरून आला. पण जुन्या कृष्णधवल फोटोतला काळा रंग खरोखरच चांदीचा असतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

जिलेटिनबद्दलची एक हकीगत मोठी रंजक आहे. फिल्मचा एक घाणा चपळ निघे, दुसरा मंद. रसायनं तीच, माणसं तीच, तरी असं. कोडॅकच्या प्रयोगशाळेतल्या सॅम्युअल शेपर्ड यानं १९२० च्या दशकात याचा छडा लावला. जिलेटिनमध्ये गंधकाची अत्यल्प संयुगं असली, की फिल्म चपळ होते, आणि ही संयुगं येतात ती जनावरांनी चरताना खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतून! ज्या गुरांना मोहरी मिळाली नाही त्यांच्या जिलेटिनची फिल्म मंद. म्हणजे एखाद्या नटीचा चेहरा उजळ येणार की काळवंडलेला, हे कुठल्याशा माळावर गाय काय खाते यावर ठरत होतं.

आणि ते न दिसणारं चित्र किती टिकावं? सॉलोमन आंद्रे हा स्वीडिश माणूस दोन सोबत्यांसह १८९७ च्या जुलैमध्ये हायड्रोजनच्या फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाला. फुगा तीन दिवसांच्या आत बर्फावर उतरला. तिघं दोन-अडीच महिने बर्फातून चालत राहिले आणि अखेर एका ओसाड बेटावर मरण पावले. जगाला काहीच कळलं नाही. १९३० साली त्यांचा तळ सापडला. तेहतीस वर्षं बर्फात आणि ओलाव्यात पडलेली फिल्म स्टॉकहोमला योन हर्ट्सबर्ग यांनी जिवापाड काळजी घेऊन धुतली. २४० पैकी ९३ फोटो हाती लागले. आडवा पडलेला फुगा आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं, हा त्यातला एक. तिसरा, निल्स स्ट्रिंडबर्ग, फोटो काढत होता. उजेडानं उठवलेला तो चांदीचा ठिपका तेहतीस वर्षं कुणीतरी डेव्हलपर घालण्याची वाट पाहत होता.

आपल्याकडे फिल्मशी सर्वांत जिवाभावाचं नातं जडलं ते दादासाहेब फाळक्यांचं. बडोद्याच्या कलाभवनात ते फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला. १९१२ साली विमा पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. कच्ची फिल्म परदेशातून येई, आणि तिच्या कडांना भोकं पाडलेली नसत. ती भोकं पाडायचं काम रात्री अंधारात बसून सरस्वतीबाई करीत. दिवसभर घरच्या आणि कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक करायचा आणि रात्री फिल्म. १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, त्यामागे या माउलीची किती जागरणं आहेत याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ईस्टमनच्या आईचं स्वयंपाकघर आणि सरस्वतीबाईंचं स्वयंपाकघर, फिल्मच्या इतिहासात या दोन्ही खोल्यांना मानाचं पान मिळायला हवं.

स्थिर फोटोंच्या बाबतीत खरी क्रांती झाली ती सिनेमाचीच पस्तीस मिलिमीटर रुंदीची पट्टी छोट्या कॅमेऱ्यात घातल्यावर. जर्मनीतला ऑस्कर बार्नाक दम्यानं बेजार होता, जड कॅमेरे उचलणं त्याला झेपत नसे. त्यानं खिशात मावेल असा कॅमेरा बनवला आणि १९२५ मध्ये ‘लायका’ बाजारात आला. छत्तीस फोटोंचा रोल जगभर रूढ झाला तो या कुळातल्या कॅमेऱ्यांमुळे. रंगीत फिल्मचं सांगायचं, तर १९३५ ची कोडाक्रोम ही लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडाउस्की या दोन संगीतकारांची करामत. हे दोघं वादक रसायनशास्त्रात कसे शिरले तो वेगळा विषय आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे फिल्म ही दुर्मिळ वस्तू होती. ती येणार परदेशातून आणि परकी चलनाची तर कायमची चणचण. परवाने, कोटा, वशिला या साऱ्यातून रोल मिळायचा. तेव्हा देशानं स्वतःची फिल्म बनवावी असं सरकारनं ठरवलं आणि १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन झाली. जागा निवडली निलगिरीतलं उटकमंड. फिल्मला थंड, धूळ नसलेली हवा लागते, म्हणून. तंत्रज्ञान फ्रान्सच्या बोशे कंपनीचं. उत्पादन १९६७ मध्ये सुरू झालं आणि फिल्मचं नाव ठेवलं ‘इंदू’. चांदीच्या फिल्मला चंद्राचं नाव देणारा तो कोण अधिकारी असेल, त्याला दाद दिली पाहिजे. कृष्णधवल रोल, फोटोचा कागद, सिनेमाची फिल्म, एक्स-रेची फिल्म असं बरंच काही तिथं होई. फिल्मवर लेप चढवायचं काम अर्थातच मिट्ट काळोखात चाले. माणसं वर्षानुवर्षं अंधारात, केवळ सरावानं आणि स्पर्शानं यंत्रं सांभाळत. गावोगावच्या फोटोग्राफरांनी, कलाशाळांतल्या विद्यार्थ्यांनी आणि हौशी मंडळींनी इंदूवर हात साफ केला. परदेशी फिल्मची सर तिला नव्हती असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं म्हणणं खोटंही नाही. पण परवडली ती हीच.

त्याच सुमारास घराघरांत पोचला तो बडोद्यात बनणारा आगफाचा ‘क्लिक थ्री’. काळा, हलका, वर एक खटका. १२० चा रोल घालायचा, त्यात बारा चौकोनी फोटो. ऊन असेल तर सूर्याच्या चित्रावर काटा, ढग असतील तर ढगाच्या. मीही या कॅमेऱ्यावरच शिकलो. बारा फोटो म्हणजे बारा. सहलीला निघताना हिशेब ठरलेला असे: किल्ल्याचे चार, सगळ्यांचा एक, धबधब्याचे दोन. एखादा ‘माझा एकट्याचा काढ’ म्हणून मागं लागला, की त्याला टाळण्यासाठी खटका न दाबताच ‘काढला’ म्हणायची एक पद्धत होती. ती किती लोकांनी वापरली असेल, सांगता येत नाही.

तालुक्याच्या गावात स्टुडिओ म्हणजे एक संस्थाच होती. मागच्या पडद्यावर रंगवलेला बगीचा किंवा ताजमहाल, बाजूला लाकडी तिवई, तिच्यावर कागदी फुलांची फुलदाणी. आरशाशेजारी पावडरचा डबा आणि कंगवा. स्थळ बघायला पाठवायचा मुलीचा फोटो इथंच निघे आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं ‘टचिंग’ करून देवीचे व्रण पुसले जात. मॅट्रिकच्या फॉर्मचा फोटो, लग्नानंतरचा जोडीचा फोटो, आणि घरातलं माणूस गेल्यावर एखाद्या जुन्या ग्रुपमधून मोठं करून, हार घालण्यासाठी चौकटीत बसवलेला फोटो. माणसाच्या आयुष्यातले टप्पे त्या एकाच खोलीत नोंदले जात. प्रत्येक निगेटिव्ह पाकिटात घालून वर नाव, तारीख, नंबर. ‘कॉपी हवी असेल तर नंबर सांगा’ असं पावतीवर छापलेलं असे. वापरलेल्या हायपोतून चांदी काढणारे लोक दर काही महिन्यांनी फेरी मारत आणि ते द्रावण विकत घेऊन जात. फोटोग्राफरला तेवढीच वरकमाई.

१९८० च्या दशकात रंगीत लॅब आल्या. रंगीत फिल्म धुण्याची पद्धत १९७२ पासून जगभर एकच झाली होती: ३७.८ अंश सेल्सिअस तापमान, डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं. माणसाच्या हातचं कसब यंत्रात गेलं. एका तासात फोटो, वर अल्बम फुकट. १९९० च्या दशकात कोडॅकच्या ‘केबी टेन’सारख्या स्वस्त कॅमेऱ्यांनी तर कहरच केला. १९९९ च्या सुमारास जगात जेवढी चांदी वापरली जाई, तिचा जवळजवळ चौथा हिस्सा फोटोग्राफीत जात होता. फिल्मचं वैभव एवढं कधीच नव्हतं, आणि तिला सुरुंग लागलेला होता तो तिच्याच घरातून. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरनं फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा बनवला होता. टोस्टरएवढं धूड, चित्र शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचं, आणि ते कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. कंपनीनं पेटंट घेतलं आणि यंत्र बाजूला ठेवलं. फिल्म विकून भरपूर पैसा मिळत असताना फिल्म नको म्हणणारं यंत्र कोण बाजारात आणणार? कोडॅकला यावरून हसणारे पुष्कळ आहेत. मला ते तितकंसं न्याय्य वाटत नाही. त्या खुर्चीत बसून आपण वेगळं काही केलं असतं का, हे प्रत्येकानं प्रामाणिकपणे स्वतःला विचारून पाहावं.

पुढची पडझड झपाट्यानं झाली. २००५ मध्ये आगफाफोटोचं दिवाळं निघालं. २००६ मध्ये कोनिका मिनोल्टा या धंद्यातून बाहेर पडली. २००९ मध्ये कोडाक्रोम बंद करत असल्याचं जाहीर झालं. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी या छायाचित्रकाराला देण्यात आला. हातात छत्तीस फोटो आणि पुन्हा कधीच नाही! त्यातले काही त्यानं खर्च केले ते मुंबईत, अमिताभ बच्चन आणि आमिर खान यांच्यावर, आणि काही राजस्थानातल्या रबारी लोकांवर. कॅन्सस राज्यातल्या ज्या लॅबमध्ये ही फिल्म सर्वांत शेवटपर्यंत धुतली जात होती, तिनं ३० डिसेंबर २०१० ला नवे रोल घेणं थांबवलं. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आपली उटीची कंपनी तर १९९० च्या दशकातच आजारी घोषित झाली होती. उदारीकरणानंतर स्वस्त झालेली परदेशी फिल्म आणि विस्तारासाठी घेतलेल्या कर्जाचं ओझं तिला पेललं नाही. २०१४ मध्ये कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊन ती बंद करण्यावर केंद्र सरकारनं शिक्कामोर्तब केलं. इंदूचा अस्त असा, फारशी कुठं बातमीही न होता झाला.

आणि तरीही फिल्म उरली. इंग्लंडमध्ये इलफर्डची कृष्णधवल फिल्म तिच्याच जुन्या लोकांनी कारखाना ताब्यात घेऊन चालू ठेवली. व्हिएन्नाच्या काही विद्यार्थ्यांना १९९१ मध्ये प्रागला एक रशियन खेळणंवजा कॅमेरा सापडला आणि त्याच्या भडक, कडा काळवंडलेल्या फोटोंची त्यांनी चळवळच उभारली. २०१४ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये ख्रिस्तोफर नोलनसारख्या दिग्दर्शकांनी हट्ट धरला आणि मोठ्या स्टुडिओंनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचा शब्द दिला. तो शब्द मिळाला नसता तर कारखान्याला बहुधा कुलूपच लागलं असतं. हेच नोलन २०१८ मध्ये फिल्म वाचवा असं सांगायला मुंबईत आले होते. २०१८ मध्येच कोडॅकनं बंद केलेली एक्टाक्रोम पुन्हा काढली, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सनं चक्क नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. एक्टाक्रोम बंद झाली तेव्हा हे कुणी सांगितलं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं.

माझा फिल्म कॅमेरा २००५ च्या सुमारास कपाटात गेला, तो तब्बल बारा वर्षांनी बाहेर आला. मधल्या काळात हजारो फोटो काढले. डिजिटल कॅमेरा सर्व बाबतींत सरस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कमी उजेडात तो जे करतो, ते फिल्मला सात जन्मांत जमणार नाही. तेव्हा फिल्मच चांगली, डिजिटल म्हणजे नकली असं म्हणणाऱ्यांच्या कंपूत मी नाही. मला परत ओढून नेलं ते खटका दाबण्याआधीच्या दोन क्षणांनी. आज रंगीत रोल आणि त्याची धुलाई धरली, तर एका फोटोला चाळीस-पन्नास रुपये सहज पडतात. त्यामुळे डोळा लावल्यावर माणूस थांबतो. हा फोटो खरंच हवा आहे का? एक पाऊल डावीकडे सरकावं का? त्या थांबण्यात समोरची गोष्ट नीट दिसते, आणि पुष्कळदा कॅमेरा खाली घेतला जातो. मग फोटो कसा आला ते कळायला पंधरा दिवस. तोवर तो डोळ्यांसमोर राहतो. आजची मुलं याला ‘स्लो’ म्हणून कौतुकानं नावाजतात. आमच्या पिढीला दुसरा पर्यायच नव्हता, म्हणून आम्हाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

मात्र नवा रोल विकत घेण्यापेक्षा जुन्या रोलांचं काय होतंय, ही मला अधिक निकडीची गोष्ट वाटते. सिनेमाचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. जुनी रिळं चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळंच तेवढी उरली आहेत. ती मिळवली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी, दादासाहेबांच्या कुटुंबीयांच्या दारी जाऊन. जुनी नायट्रेट फिल्म कमालीची ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशाच साठ्याला आग लागली आणि पाहता पाहता रिळं खाक झाली. नंतरची ‘सेफ्टी’ फिल्म तशी सहज पेट घेत नाही, पण दमट हवेत सडते. डबा उघडला की व्हिनेगरचा आंबूस वास येतो, आणि तो वास एकदा आला की तिचे दिवस भरत आले असं समजावं. कोकणात आणि मुंबईत बुरशीचा जाच वेगळाच, कारण जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाद्य.

सिनेमाकडे निदान कुणाचं लक्ष तरी आहे. गावोगावचे स्टुडिओ बंद पडले, त्यांच्या निगेटिव्हचे गठ्ठे कुणाच्या खिजगणतीत नाहीत. लोकांना वाटतं, फोटो अल्बममध्ये आहे, मग निगेटिव्ह कशाला? पण रंगीत कॉपी तीस-चाळीस वर्षांत विटते, लालसर होते. कृष्णधवल निगेटिव्ह नीट धुतलेली आणि कोरडी ठेवलेली असेल, तर शंभर वर्षांनीही तिच्यावरून नवी कॉपी काढता येते. शिवाय कॉपीत फोटोग्राफरनं कापलेला भाग निगेटिव्हमध्ये शाबूत असतो: पडद्याच्या कडेला वाट पाहणारी पुढची गिऱ्हाइकं, बाळाला खुळखुळा दाखवणारा हात, पडद्यामागची कुडाची भिंत. ज्या घरांत डायरी लिहिली गेली नाही, जमिनीच्या सात-बाराखेरीज कागद नाही, त्या घरांचा इतिहास या पाकिटांमध्येच आहे.

घरात निगेटिव्ह असतील, तर त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात घालाव्यात, पोटमाळ्यावर न ठेवता घरातल्या सर्वांत कोरड्या आणि थंड कपाटात ठेवाव्यात, डब्यात सिलिकाची पुडी टाकावी आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून वारा द्यावा. हाताळताना कडांना धरावं, मध्ये बोट लावू नये. आंबूस वास येणाऱ्या पट्ट्या इतरांपासून वेगळ्या कराव्यात, नाहीतर ही लागण शेजारच्या पट्ट्यांना होते. स्कॅनर नसला तरी चालतं. पांढऱ्या उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानं तिचाच फोटो घेता येतो.

एका तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या स्टुडिओची खोकी सध्या आम्ही दोघं-तिघं याच पद्धतीनं उतरवून घेत आहोत. मालकाच्या मुलानं ती रद्दीत जाण्याआधी विचारलं, हे त्याचे उपकार. एकोणीस खोकी आहेत, सर्वांत जुनं १९५८ चं. सोबतचे दोघं पंचविशीच्या आतले. त्यातली एक मुलगी पाकिटावरची मोडी वळणाची अक्षरं आता माझ्यापेक्षा भरभर लावते. काही पाकिटांवर लाल शाईत ‘नेला नाही’ असा शेरा आहे. फोटो काढून घेतला, पैसे भरले, आणि माणूस परत आलाच नाही. अशी आतापर्यंत एकेचाळीस पाकिटं निघाली आहेत. त्यांच्या कॉप्या काढून आम्ही नावानिशी ग्रामपंचायतीच्या वाचनालयात लावल्या. त्यातले सहा फोटो घरच्या लोकांनी ओळखून नेले. पाच खोकी व्हायची आहेत, त्यातल्या दोनांना वाळवी लागली आहे, तेव्हा आधी ती घेतली आहेत.